धूर गेला, बिघाड कुठे शोधायचा?

ट्रक सुरू झाला की जुना मिस्त्री आधी सायलेन्सरच्या तोंडाकडे बघायचा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय. पाना हातात घेण्याआधीच निम्मं निदान झालेलं असायचं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषण मानक लागू झालं आणि नव्या ट्रकांचा काळा धूर दिसेनासा झाला. तो अडतो डीपीएफमध्ये, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरमध्ये. हा सच्छिद्र सिरॅमिकचा ठोकळा असतो आणि त्यात हजारो अरुंद नळ्या असतात. एक नळी पुढून उघडी, तर शेजारची मागून. त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपूनच पुढे जावं लागतं आणि काजळी मागे राहते.

साठलेली काजळी जाळावीही लागते. भरलेली गाडी हायवेला तासन्‌तास पळत असेल तर एक्झॉस्ट इतका तापतो की बरीच काजळी आपोआप जळत राहते. कचऱ्याच्या गाडीला किंवा साइटवर उभ्या उभ्या इंजिन चालवणाऱ्या टिपरला ती सोय नाही. तिथे कॉम्प्युटर जादा डिझेल सोडून फिल्टरचं तापमान साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेतो. हेच रीजनरेशन. ते चालू असताना ड्रायव्हरने चावी फिरवली की काम अर्धवट राहतं. हे डिझेल सिलिंडरमध्येच सोडणाऱ्या इंजिनांत त्यातलं थोडं भिंतींवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं, तर हे कारण आधी तपासावं.

तक्रार बहुधा एकच असते: गाडी घाटात पिकअप घेत नाही, डॅशबोर्डवर दिवा लागलाय. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून जबरदस्तीने रीजनरेशन करतात, दिवा विझतो. काही दिवसांत पुन्हा लागतो. मग फिल्टरला दोष देऊन महागडा नवा फिल्टर बसवला जातो, आणि तोही भरतो. कारण काजळी फिल्टर तयार करत नाही, इंजिन करतं. गळका इंजेक्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या होज पाइपची चीर, टर्बोच्या सीलमधून झिरपणारं ऑइल, यांतलं काहीही असू शकतं. पूर्वी धूर ज्या दोषांची चुगली करायचा, तेच हे दोष.

म्हणून शोध मागच्या टोकापासून इंजिनाकडे न्यावा. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणारा सेन्सर इथला मुख्य साक्षीदार. चावी ऑन पण इंजिन बंद असताना त्याने शून्य दाखवायला हवं. तसं नसेल तर सेन्सर खोटं बोलतोय. त्याच्या बारीक नळ्या चोंदल्या किंवा फाटल्या तरीही आकडा चुकतो, आणि धड फिल्टर बदनाम होतो. त्यानंतर तापमान बघावं. रीजनरेशनमध्ये फिल्टरच्या पुढचा ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट नीट तापत नसेल, तर फिल्टर कितीही चांगला असला तरी काजळी जळणार नाही.

काजळी जळूनही दाब चढाच राहिला तर ती राख. ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंकसारख्या घटकांपासून ती बनते आणि कोणत्याही रीजनरेशनने जात नाही. त्यासाठी फिल्टर उतरवून यंत्रावर साफ करावा लागतो. कंपनीने सांगितलेलं कमी राखेचं ऑइल सोडून स्वस्त डबा ओतणाऱ्याला ही वेळ लवकर गाठते.

उलट दाब संशयास्पद कमी असेल, तर सायलेन्सरच्या तोंडात कोरडं फडकं फिरवावं. फिल्टर शाबूत असलेल्या गाडीत ते जवळपास स्वच्छ निघतं. काळं झालं तर सिरॅमिकला तडा गेलाय, किंवा कुणीतरी आतला ठोकळा फोडून डबा रिकामा केलाय. हा ‘इलाज’ सर्रास सुचवला जातो आणि तो सरळसरळ घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. आणि तो धूर सर्वांत जास्त वेळ घेतात ते ड्रायव्हर, क्लीनर आणि खड्ड्यात उतरून गाडी दुरुस्त करणारे मिस्त्रीच.