घरच्या वर्कशॉपसाठी कॅड: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हौशी माणसाला पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने स्केच काढून कामाला लागता येतं, अजूनही. पण लेझर कटिंगवाला फाइल मागतो, थ्रीडी प्रिंट काढून देणारा फाइल मागतो, राउटरवर प्लायवूड कापून घ्यायचं असेल तर तिथेही फाइलच लागते. मग परवडेल अशा कॅड सॉफ्टवेअरची शोधाशोध सुरू होते. सल्ला देणारे बहुतेक कंपनीत ड्रॉइंग करणारे असतात. ते मनापासून सांगतात, पण त्यांच्या कामाच्या गरजा वेगळ्या आणि महिन्यातून दोन रविवार वर्कशॉपमध्ये घालवणाऱ्याच्या वेगळ्या.

माझं मत असं आहे की नाव आणि किंमत शेवटी बघावी. आपल्या ड्रॉइंगमधून अखेर बाहेर काय पडणार आहे, छापील कागद, लेझरसाठीची डीएक्सएफ फाइल की थ्रीडी प्रिंटसाठीची एसटीएल, हे आधी ठरवावं. ते ड्रॉइंग दहा वर्षांनी उघडता येईल का, हे त्यानंतर तपासावं. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की बरेचसे गैरसमज गळून पडतात.

गैरसमज: कॅड म्हणजे ऑटोकॅड, बाकीच्या फाइली कुणी घेत नाही

ऑटोकॅडची पहिली आवृत्ती डिसेंबर 1982 मध्ये आली. आपल्याकडे आयटीआयपासून डिप्लोमापर्यंत तेच शिकवलं जात असल्याने कॅड म्हटलं की तेच नाव तोंडात येतं. ते उत्तम सॉफ्टवेअर आहे, यात वाद नाही. पण 2016 पासून कंपनीने कायमचे परवाने विकणं बंद केलं आणि वापर सबस्क्रिप्शनवर आला. वर्षाला दोन कपाटं आणि एखादं जिग करणाऱ्याने हा खर्च दरवर्षी का करावा?

फाइलचं म्हणाल, तर लेझर कटिंगवाल्याला ऑटोकॅड नको असतं, त्याला डीएक्सएफ हवी असते. हा फाइल-प्रकार ऑटोकॅडबरोबरच 1982 मध्ये आला, तो ड्रॉइंग एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता यावं म्हणूनच. त्याची रचना जाहीर आहे. लिब्रेकॅड आणि क्यूकॅड ही सॉफ्टवेअर्स तर आपली ड्रॉइंग्ज मुळातच डीएक्सएफमध्ये ठेवतात. डीडब्ल्यूजी हा प्रकार मात्र ऑटोकॅडचा खासगी आहे. लिब्रेकॅड त्यातल्या काही आवृत्त्या वाचतं, पण लिहीत नाही. कुणी डीडब्ल्यूजी मागितली तर सरळ विचारावं, 'डीएक्सएफ चालेल का?' बहुतेक ठिकाणी चालते.

खरी काळजी फाइल पाठवताना घ्यायची असते आणि ती कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये घ्यावीच लागते. कापायचा आकार पूर्ण बंद हवा, कोपऱ्यात फट नको. एका रेषेवर दुसरी रेषा चुकून पडलेली नको, नाहीतर लेझर त्याच जागी दोनदा फिरतो, कड जळते आणि कटिंगचे पैसेही दुप्पट लागू शकतात. मापं, नाव, चौकट हे सगळं वेगळ्या लेयरवर ठेवावं किंवा पाठवताना काढून टाकावं. आणि फाइलसोबत एकक लिहावं. मिलिमीटरची फाइल समोरच्याने इंचात उघडली तर आकार 25.4 पट होतो. 'सगळी मापं मिमीत, बाहेरची लांबी 180' एवढी एक ओळ पाठवली की हा घोळ टळतो.

गैरसमज: घरीच तर वापरायचं, क्रॅक केलेलं चालतं

चालत नाही. कॉपीराइट कायदा, 1957 मधलं कलम 63 ब नेमकं याविषयी आहे. चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली, तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड, अशी तरतूद आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय सबळ कारणं नोंदवून कैद माफ करू शकतं आणि 50 हजारांपर्यंत दंड करू शकतं. म्हणजे घरगुती वापराला सवलत मिळू शकते, मोकळीक नाही.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी क्रॅक चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करा असं सांगितलं जातं, आणि त्याच संगणकावर आपले बँकेचे व्यवहार असतात. एवढा धोका पत्करून जे मिळवायचं ते कायदेशीररीत्या फुकट उपलब्ध असताना हा रस्ता धरण्याचं काहीच कारण नाही.

मुलाच्या कॉलेजच्या लॉगिनवरून विद्यार्थी आवृत्ती घेणारेही असतात. ती शिक्षणासाठीच असते, पात्रता तपासूनच मिळते. वडिलांच्या वर्कशॉपसाठी ती नाही.

गैरसमज: फुकट म्हणजे फुकट, त्यात काय बघायचं

इथेच सगळ्यात जास्त बघायचं असतं. फुकटचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत.

पहिला मुक्त सॉफ्टवेअरचा: फ्रीकॅड, लिब्रेकॅड, ओपनएससीएडी, क्यूकॅडची कम्युनिटी आवृत्ती. यांचा परवानाच असा आहे की आज उतरवून घेतलेली आवृत्ती तुमच्याकडे राहते. तिच्यावर केलेली वस्तू विकली तरी कुणी हरकत घेत नाही.

दुसरा प्रकार कंपनीने घालून दिलेल्या अटींवरचा. ऑटोडेस्कचं फ्यूजन वैयक्तिक वापरासाठी मोफत मिळतं, पण ते हौशी, बिनव्यापारी कामासाठी. वर्षाला 1000 डॉलरच्या आतलं उत्पन्न, एका वेळी संपादनासाठी खुली दहाच डॉक्युमेंट्स, अशा मर्यादा त्याला आहेत. ऑनशेप ब्राउझरमध्येच चालतं, काहीही बसवावं लागत नाही, आणि काम करायला फार छान आहे. पण मोफत खात्यातली प्रत्येक डॉक्युमेंट सार्वजनिक असते, जगात कुणीही ती उघडून पाहू शकतो. पुस्तकाच्या स्टँडचं डिझाइन असेल तर काय बिघडलं? स्वतःची काही नवी कल्पना असेल तर मात्र दहादा विचार करावा.

अशा अटी बदलतात, आणि त्या बदलल्याची उदाहरणं आहेत. ड्राफ्टसाइट हे टूडी सॉफ्टवेअर अनेक वर्षं मोफत होतं आणि खूप हौशी लोक त्यावर स्थिरावले होते. 2019 मध्ये ते सशुल्क झालं आणि त्या वर्षाअखेर जुन्या मोफत आवृत्त्या चालेनाशा झाल्या. स्केचअपची संगणकावर बसणारी मोफत आवृत्ती, स्केचअप मेक, 2017 नंतर नव्याने आलीच नाही, मोफत वापर ब्राउझरवर गेला. फ्यूजनने 2020 मध्ये मोफत आवृत्तीच्या सोयी कमी केल्या. तेव्हा स्टेप फाइल बाहेर काढण्याची सोयही जाणार होती, पण लोकांनी जोराचा विरोध केल्यावर ती राहिली.

यात कंपन्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. माल त्यांचा, अटी त्यांच्या. आपण मात्र आपलं काम त्यांच्या कुलपात अडकू देऊ नये. यांपैकी काहीही वापरा, पण प्रत्येक पुरं झालेलं डिझाइन स्टेपमध्ये आणि सपाट आकार डीएक्सएफमध्ये काढून स्वतःच्या डिस्कवर ठेवा. स्टेप हे 1994 पासूनचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 10303, आणि जवळपास प्रत्येक थ्रीडी कॅड ते वाचतं.

उलट दिशेचा गैरसमज क्यूकॅडबाबत होतो. उतरवून घेतलं की सोबत व्यावसायिक आवृत्तीची चाचणी प्रत येते, ती पंधरा मिनिटांनी थांबते, आणि लोक 'हे विकतचं निघालं' म्हणून काढून टाकतात. ती चाचणीची जोड काढली की उरते ती पूर्ण मोफत कम्युनिटी आवृत्ती. डीडब्ल्यूजी हवीच असेल तर व्यावसायिक आवृत्ती विकत घ्यावी.

गैरसमज: आता सगळं थ्रीडीतच करायचं असतं

प्लायवूडचं पुस्तकांचं कपाट घेऊ. शीट 8 बाय 4 फुटांची, म्हणजे 2440 बाय 1220 मिमी. रुंदीत पाच फळ्या बसवायच्या म्हणून 1220 ला पाचाने भागलं, 244 आले. थ्रीडी मॉडेल देखणं झालं. मग सुताराकडे कापताना पाचवी फळी 232 चीच निघते. कारण गोल करवतीचं पातं प्रत्येक कापाला साधारण 3 मिमी लाकूड खातं, आणि चार कापांत 12 मिमी भुसा झालेला असतो. 240 च्या फळ्या धरल्या असत्या तर 1200 अधिक 12, शिवाय 8 मिमी शिल्लक. हा हिशेब टूडी कटिंग-लेआउटमध्ये दहा मिनिटांत डोळ्यांसमोर येतो, आणि त्यासाठी लिब्रेकॅड पुरेसं आहे. लेझरवर कापायचे पत्र्याचे ब्रॅकेट, गॅस्केट, घड्याळाची तबकडी, इन्लेचे नमुने या सगळ्यांना टूडीच सोयीचं.

थ्रीडीचा फायदा दिसतो तो माप बदलतं तेव्हा. सुतार म्हणतो सहा सूत प्लाय, म्हणजे पाऊण इंच, म्हणजे 19 मिमी. पण 19 ची म्हणून आणलेली शीट व्हर्नियरने मोजली तर 18 च्या आसपासही भरू शकते. कपाट बाहेरून 900 मिमी असेल आणि दोन्ही बाजू 19 च्या धरल्या तर आतली फळी 862 ची. बाजू प्रत्यक्षात 18 च्या निघाल्या तर तिथे 864 लागते, आणि प्रत्येक खाचेचं मापही बदलतं. फ्रीकॅडमध्ये प्लायची जाडी स्प्रेडशीटच्या एका घरात लिहून सगळी मापं त्या घराला बांधता येतात. मग 19 च्या जागी 18 लिहिलं की सगळ्या फळ्या, सगळ्या खाचा नव्याने बरोबर येतात. शीट घरी आल्यावर मोजायची, आकडा टाकायचा, मग कापायचं. हौशी माणसाला थ्रीडी शिकायला भाग पाडणारं याहून चांगलं कारण मला माहीत नाही.

गैरसमज: पडद्यावर गोल दिसलं म्हणजे गोल आहे

समजा 608 नंबरचं बेअरिंग बसवायचं आहे. स्केटच्या चाकात असतं तेच: आतला व्यास 8, बाहेरचा 22, जाडी 7 मिमी. स्केचअपमध्ये 22 मिमीचं वर्तुळ काढलं, ब्लॉकमध्ये भोक केलं, प्रिंट काढून घेतली. बेअरिंग आत जात नाही. दोष प्रिंटरवाल्याला दिला जातो. प्रिंटरचाही थोडा वाटा असू शकतो, पण स्केचअपचं वर्तुळ मुळात 24 बाजूंचा बहुकोन असतं. कोपरे 22 च्या वर्तुळावर, पण समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर 21.81 मिमी. व्यास 100 चा असेल तर प्रत्येक बाजू खऱ्या वर्तुळापासून 0.43 मिमी आत येते.

वर्तुळ काढण्याआधी बाजूंची संख्या वाढवता येते, आणि घरातल्या फर्निचरला एवढी बारकाई लागतही नाही. खोलीत कपाट कसं दिसेल हे बघायला स्केचअपसारखं सोपं काही नाही. पण बेअरिंग, शाफ्ट, आटे असं काही असेल तर फ्रीकॅड, फ्यूजन, ऑनशेप अशी वर्तुळाला वर्तुळ म्हणूनच साठवणारी सॉफ्टवेअर्स घ्यावीत. एसटीएल काढली की तीसुद्धा त्रिकोणांतच मोडते, म्हणून काढताना बारीक जाळीचा पर्याय निवडावा. एसटीएलमध्ये एकक नोंदलेलंच नसतं, तेव्हा मापाची ती एक ओळ इथेही लिहावी.

गैरसमज: फ्रीकॅड अर्धकच्चं आहे, आणि त्याला भारी संगणक लागतो

पहिल्या तक्रारीत बरीच वर्षं तथ्य होतं. एखाद्या पृष्ठभागावर भोक पाडून ठेवावं, मग मागे जाऊन मूळ स्केचमध्ये एक रेघ वाढवावी, आणि भोक भलत्याच पृष्ठभागावर जावं किंवा मॉडेल मोडून पडावं, असं व्हायचं. कारण सॉफ्टवेअर पृष्ठभागांना आपले अनुक्रमांक देतं, आणि आकार बदलला की तो क्रम विस्कटायचा. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 1.0 आवृत्तीत हा दोष बऱ्याच अंशी दूर झाला, सुटे भाग जोडण्याची सोयही सोबतच आली. पहिली आवृत्ती 2002 ची, म्हणजे 1.0 हा आकडा लावायला त्यांनी 22 वर्षं घेतली. जुन्या अनुभवावरून ते सोडून दिलेल्यांनी आता पुन्हा बघावं. शिकायला ते फ्यूजनपेक्षा अवघड आहे, हे मात्र खरं.

संगणकाचं म्हणाल, तर लिब्रेकॅड आणि क्यूकॅड जुन्या लॅपटॉपवरही निवांत चालतात. हौशी कामाच्या दहा-वीस भागांच्या मॉडेलला फ्रीकॅडही 8 जीबी रॅमच्या साध्या संगणकावर पुरतं. ग्राफिक्स कार्डासाठी ठेवलेल्या पैशांत एक चांगला व्हर्नियर आणि दोन पाती येतील.

सॉफ्टवेअर ठरलं की सेटिंगमध्ये दोन गोष्टी आधी बघाव्यात. एकक मिलिमीटर करावं. आणि ड्रॉइंग दुसऱ्याच्या हाती जाणार असेल तर प्रोजेक्शन फर्स्ट अँगल आहे ना, हे पाहावं. भारतीय मानकं आणि आयटीआयमध्ये शिकलेले टर्नर-फिटर फर्स्ट अँगल धरतात, अमेरिकेत थर्ड अँगल चालतो. दोन्हींत बाजूच्या दृश्याची जागा उलटते, आणि डाव्या बाजूचं भोक उजवीकडे पडू शकतं.

कागदी नमुना लाकडावर चिकटवून कापायचा असेल तर ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 100 मिमीची एक आडवी आणि एक उभी रेघ ठेवा. छापून झाल्यावर दोन्ही स्टीलच्या पट्टीने मोजा. 97 आली तर प्रिंटरच्या खिडकीत चित्र पानात बसवण्याचा पर्याय लागलेला आहे. तो काढून 100 टक्के करा, पुन्हा छापा, पुन्हा मोजा, आणि मगच फेविकॉलची बाटली उघडा.