एक लाइन, दोन हजेरीपट

नागपुरात मोटारगाडी तयार होत नाही, ट्रॅक्टर होतो. शहरातल्या मेट्रोची एक मार्गिका लोकमान्य नगरला संपते. त्या भागातल्या हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे. या ट्रॅक्टरचे मूळ 1963 चे. अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्रा आणि व्होल्टास यांनी मिळून तेव्हा कंपनी काढली आणि 1977 मध्ये ती महिंद्रात विलीन झाली. 2003 साली महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला जपानचे गुणवत्तेसाठीचे डेमिंग पारितोषिक मिळाले.

ट्रॅक्टरला मोटारीसारखी चौकट नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल बोल्टने जोडले की तोच त्याचा कणा. बोल्ट ढिला राहिला तर भोगणार शेतकरी, म्हणून टॉर्क मोजूनच आवळायचा. ही जुळणी ज्या लाइनवर होते, ती कोणासाठी थांबत नाही. लघवीला जायचे तरी जागेवर रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस यावा लागतो, आणि मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो.

वाहन उद्योगात अशा लाइनवर शेजारी शेजारी उभे असणारे दोघे मात्र सारखे नसतात. एक कायम, त्याचा पगार युनियनच्या करारात ठरतो. दुसरा ठेकेदाराचा नाहीतर ट्रेनी, त्या करारात त्याचे नावही नसते. पुण्यात 1989 साली कामगार नेते राजन नायर यांच्यामागे टेल्कोचे (आजच्या टाटा मोटर्सचे) कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले, तेव्हा भांडण होते करार कोणत्या युनियनशी करायचा याचे. आजच्या ठेकेदारी पोराला तेवढे भांडणही परवडत नाही.

कायद्याची वाटही अवघड आहे. महाराष्ट्राच्या 1971 च्या एमआरटीयू कायद्यात 30 टक्के सभासद असलेल्या युनियनला मान्यता मिळे. पण ‘ठेका नावापुरता, खरा मालक कंपनीच’ असे म्हणणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सिप्ला या औषध कंपनीच्या प्रकरणात सांगितले, की हे नाते आधी औद्योगिक विवाद कायद्याखाली सिद्ध करा, मग एमआरटीयू कायद्याखाली तक्रार घेऊन या. ते सिद्ध होईपर्यंत ठेका संपतो, पोरगा दुसऱ्या शेडमध्ये लागतो!

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. एकाहून जास्त युनियन असतील तर वाटाघाटीचा एकमेव हक्क मिळवायला आता कंपनीच्या हजेरीपटावरचे 51 टक्के कामगार लागतात. ठेकेदाराच्या माणसाचे नाव मात्र ठेकेदाराच्या हजेरीपटावर असते, म्हणून या मोजणीत ते येत नाही. युनियनवाल्यांनी ठेकेदारी कामगारांचे नाव आपल्या मागणीपत्रात आता तरी लिहावे, कारण उद्या त्यांची स्वतःची मुलेही त्याच दुसऱ्या पटावर लागणार आहेत.