ओल्या लाकडाची ऊब जाते कुठे?

इंग्लंडमध्ये २०२१ साली एक नियम लागू झाला. दोन घनमीटरपेक्षा कमी लाकूड घरगुती जळणासाठी विकायचं, तर त्यातला ओलावा २० टक्के किंवा त्याहून कमी हवा. त्याहून मोठ्या खेपेत ओलं लाकूड विकता येतं, पण ते कसं वाळवायचं, हे गिऱ्हाइकाला सांगणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. नियम मुख्यतः हवेतलं प्रदूषण कमी करण्यासाठी केलेला असला, तरी त्यात घर तापवणाऱ्याचाही फायदा आहे. तो लक्षात येत नाही, कारण लाकडाविषयीचे काही समज फार जुने आहेत.

सर्वांत घट्ट रुजलेला समज असा, की ओलं लाकूड सावकाश जळतं, म्हणून जास्त पुरतं. सावकाश जळतं हे खरं. पण ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असू शकतं. असं एक किलो लाकूड शेगडीत घातलं, की त्याबरोबर अर्धा लिटर पाणीही घातलं जातं आणि त्याची वाफ करण्यात उष्णता खर्ची पडते. २० टक्के ओलावा असलेल्या एक किलो लाकडातून साधारण चार युनिट उष्णता निघू शकते. निम्मं पाणी असलेल्या किलोतून सव्वादोनच्या आसपास. तीही लाकूड पूर्ण जळलं तर.

आणि ते पूर्ण जळत नाही, हाच खरा मुद्दा आहे. लाकूड तापलं की त्याच्या कोरड्या वजनाचा तीन चतुर्थांशाच्या आसपासचा भाग वायुरूपाने बाहेर पडतो. आपल्याला दिसणाऱ्या ज्वाळा या वायूंच्याच असतात. ते नीट जळायला शेगडीत कित्येकशे अंश तापमान लागतं. पाण्याने आग थंडावली, की ते अर्धवट जळून धुराच्या रूपाने निघून जातात. डोळे चुरचुरवणारा तो धूर म्हणजे विकत घेतलेलं, पण न जळलेलं इंधन. रात्री शेगडीची हवा पार बंद करून लाकूड धुमसत ठेवलं, तर कोरड्या लाकडाचंही हेच होतं.

हा धूर धुराड्याच्या थंड भिंतींवर डांबरासारखा साचतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. तो पेटला तर धुराड्यालाच आग लागते. याचा दोष पुष्कळदा पाइनसारख्या राळयुक्त लाकडावर ढकलला जातो आणि ते मला अन्यायाचं वाटतं. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्ये पाइन आणि स्प्रूस सर्रास जाळतात. वाळलेलं असेल, तर किलोमागे पाइन आणि ओक जवळपास सारखीच उष्णता देतात. फक्त ओक जड असल्याने तेवढ्याच जागेत जास्त मावतो.

वर्षभर पडून असलेला ओंडा वाळलेलाच असणार, हेही खरं नाही. साल पाणी आत कोंडून ठेवते. ओंडा फोडल्याशिवाय त्याचा गाभा वाळत नाही. टोकाला भेगा पडल्या म्हणजे लाकूड तयार झालं, असंही नाही. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. पण ते बाहेरून टेकवून काही कळत नाही. ओंडका फोडा आणि ताज्या उघड्या झालेल्या बाजूवर मोजा.

रचलेल्या लाकडावर चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळणं ही तर सरळ चूक आहे. आतली दमट हवा तिथेच राहते आणि बुरशी धरते. ढीग जमिनीपासून थोडा वर रचावा, वरून झाकावा, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवाव्यात. वाळलेल्या लाकडावर पावसाची एखादी सर आली, तर वरचं पाणी थोड्या दिवसांत उडून जातं. कोकणात उन्हाळ्यात फोडून वाळवलेला लाकूडफाटा पावसाआधी पडवीत रचून ठेवतात. तिथल्या माणसांना यातलं काहीच नवं वाटणार नाही.

परदेशात घरी लॉग बर्नर असलेल्या मराठी वाचकांना एवढंच सांगणं आहे : पुढच्या हिवाळ्याचं लाकूड या हिवाळ्याच्या अखेरीसच घ्या, लगेच फोडा आणि उन्हावाऱ्यात रचा. ओक असेल, तर एक उन्हाळा पुरत नाही, साधारण दोन लागतात.