डेंग्यूचा रिपोर्ट वाचताना

गैरसमज: आयजीजी पॉझिटिव्ह, म्हणजे आत्ताचा ताप डेंग्यूचाच.

डेंग्यू पहिल्यांदा झाला की आयजीजी ही प्रतिपिंडं पहिल्या आठवड्याच्या अखेरीस थोडीथोडी दिसू लागतात आणि मग वर्षानुवर्षं रक्तात राहतात. कधीतरी अंगावर काढलेल्या तापाचीही ती खूण असू शकते. ताज्या आजारासाठी आयजीएम पाहतात. ती साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून सापडतात, पण दोन-तीन महिने टिकतात. म्हणजे दिवाळीतल्या तापाचं खापर गणपतीतल्या डेंग्यूवर फुटू शकतं.

डेंग्यू दुसऱ्यांदा झाला तर गुंता वाढतो. आयजीजी सुरुवातीच्या दिवसांतच झपाट्यानं वाढते. आयजीएम कमी, क्वचित अजिबात दिसत नाही. पक्का पुरावा हवा तर एक नमुना तापात आणि दुसरा बरं होताना, दहा-चौदा दिवसांनी घेऊन दोन्ही एकत्र तपासतात. पातळी चौपट वाढली असेल तर संसर्ग ताजा. आता बरं वाटू लागलेला माणूस पुन्हा सुई टोचून घ्यायला कशाला येतोय!

गैरसमज: दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह, म्हणजे सुटलो.

तोवर शरीरानं ती पुरेशी तयारच केलेली नसतात. या दिवसांत एनएस-१ हे विषाणूचंच प्रथिन शोधतात. ताप कधी सुरू झाला हे लॅबला सांगितलं नसेल, तर रिपोर्ट अर्धाच समजायचा.

गैरसमज: डेंग्यूच्या चाचणीत डेंग्यूच सापडतो.

झिका आणि जपानी मेंदूज्वर याच कुळातले. त्यांची प्रतिपिंडंही चाचणीला चकवू शकतात. पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला २०२१मध्ये झिका सापडला, तेव्हापासून ही शंका आपल्याकडे पुस्तकी राहिलेली नाही. नेमका विषाणू ओळखायला रुग्णाचं सीरम जिवंत विषाणूत मिसळून ते त्याला किती रोखतं हे पेशींवर पाहतात. त्याला दिवस लागतात आणि सुसज्ज प्रयोगशाळाही. गल्लीतल्या लॅबचं ते काम नव्हे.

गैरसमज: प्रतिपिंडं भरपूर, म्हणजे आता डेंग्यू होणार नाही.

सगळ्यांत घातक समज हा. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. ज्या प्रकारानं आजार झाला त्यापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, बाकीच्यांपासून काही महिनेच. पुढं दुसरा प्रकार आला तर जुनी, अपुरी प्रतिपिंडं विषाणूला चिकटतात, पण त्याला निकामी करत नाहीत. उलट पेशींत शिरायला त्याला मदतच होते. क्यूबात १९७७मध्ये पहिल्या प्रकाराची साथ सौम्य गेली. १९८१मध्ये दुसरा प्रकार आला तेव्हा १५८ जण दगावले. गंभीर रुग्णांत आधी डेंग्यू होऊन गेलेलेच जास्त होते.

लसीलाही हे भोवलं. फिलिपिन्समध्ये २०१६पासून शाळकरी मुलांना डेंगव्हॅक्सिया दिली गेली. आधी कधीच डेंग्यू न झालेल्यांना या लसीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढतो, असं २०१७च्या नोव्हेंबरात उत्पादक कंपनीनंच जाहीर केलं. मग लस देण्याआधी प्रतिपिंडं तपासा, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८मध्ये दिला. एरवी गोंधळात टाकणारी आयजीजी तिथं कामाची ठरली.