माडावरची पांढरी माशी: आधी अंडी बघा, मग पंप उचला

आजच्या भागाला निमित्त झालं एका फोनचं. भाट्याच्या बाजूला राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या काकांनी विचारलं, "अरे, माडांच्या झावळ्या काळ्या पडल्यात. पाडेली उद्या यायचाय. औषध मारून घेऊ काय?" मी म्हटलं, काका, एक दिवस थांबा. खाली पडलेली एखादी झावळ उलटी करून बघा आणि मला सांगा, पानाच्या मागे काय दिसतंय.

हे सांगायचा अधिकार मला माझ्या चुकीनं मिळालाय. दोन वर्षांपूर्वी मी घराजवळच्या चार माडांवर जालीम कीटकनाशक मारून घेतलं. दुसऱ्या दिवशी माश्या गायब. मी खूश! महिन्याभरात त्या परत आल्या, आणि आधीपेक्षा जास्त. शेजारच्या न फवारलेल्या माडांवर मात्र तेवढी नव्हती. असं का झालं, ते शोधताना जे समजलं ते आज सांगतो.

ही कीड म्हणजे रुगोज चक्राकार पांढरी माशी. मूळची मध्य अमेरिकेकडची. भारतात ती पहिल्यांदा २०१६ साली तमिळनाडूत पोल्लाचीच्या नारळबागांत सापडली आणि मग किनाऱ्यानं वर सरकत आपल्या कोकणात पोचली. नाव 'चक्राकार', कारण मादी पानाच्या खालच्या बाजूला गोल गोल फिरत अंडी घालते आणि वर पांढरी मेणचट भुकटी पसरते. झावळ उलटी केली की रांगोळीच्या वेटोळ्यांसारख्या रेषा दिसतात. तीच अंडी.

पांढऱ्या माशीच्या अंड्याला बारीक देठ असतो. मादी तो पानात रोवते, त्यामुळे अंडं वाऱ्यानं सहज पडत नाही. या माशीच्या अंड्यांवर शिवाय मेण. म्हणजे वरून मारलेलं औषध उडत्या माशीला लागतं, अंडं मात्र बरंचसं बचावतं. आठवडाभरात पिल्लं बाहेर येतात, पानाला चिकटून रस शोषतात आणि चिकट गोड पाणी सोडतात. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. काकांना दिसली ती हीच. बुरशी पानाच्या आत शिरत नाही. वर बसून ऊन अडवते. म्हणून माड सहसा मरत नाही, पण जोम कमी होतो.

मग माझ्या माडांवर माशी वाढली कशी? एक चिमुकली गांधीलमाशी आहे, एन्कार्सिया ग्वाडेलूपी. ती पांढऱ्या माशीच्या पिल्लांत आपली अंडी घालते आणि तिची अळी त्या पिल्लाला आतून खाते. माझ्या फवारणीत ही पाहुणी आधी मेली. अंडी राहिली, त्यांना खाणारं कोणी उरलं नाही.

दुसरं कारण इतर पिकांत दिसलंय. १९८०च्या दशकात आंध्र प्रदेशात कापसावर पायरेथ्रॉइड गटातल्या फवारण्या वाढल्या आणि त्यापाठोपाठ पांढरी माशी उसळली. तिथं मित्रकीटक मेले हे तर होतंच. शिवाय मरण्याइतका डोस न लागलेल्या माद्या काही वेळा उलट जास्त अंडी घालतात, असं प्रयोगांतही दिसलंय. अर्धवट फवारणी म्हणूनच धोक्याची. आणि उंच माडावर फवारणी अर्धवटच होते, नाही का?

सगळीच औषधं सारखी नसतात, हेही खरं. पायरीप्रॉक्सिफेनसारखं औषध प्रौढ माशीला मारत नाही, पण ते लागलेल्या मादीची अंडी उबत नाहीत. स्पायरोमेसिफेननं मादीची अंडी घालण्याची क्षमता घटते. पण लेबलवर तुमच्या पिकाचं नाव नसेल, तर ते औषध तुमच्यासाठी नाही.

आता निंबोळी. निंबोळी तेल लावलेल्या पानावर मादी कमी बसते आणि कमी अंडी घालते. त्यातलं अझाडिरॅक्टिन पिल्लांच्या कात टाकण्यात अडथळा आणतं. माश्या पटापट मरून पडत नाहीत, म्हणून लोक म्हणतात, "गुण नाही आला." अहो, गुण मोजायचा तो नवीन अंड्यांत!

वायंगणाला भेंडी करणाऱ्यांसाठी ५ टक्के अर्काची कृती: ५ किलो निंबोळ्यांचा भरडा १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, २०० ग्रॅम साबणाचं पाणी मिसळा आणि एकूण १०० लिटर करा. फवारायचं संध्याकाळी, कारण उन्हात निंबोळीचा असर लवकर जातो. नोझल पानाखाली धरा. आधी दोन-चार झाडांवर मारून पानं करपत नाहीत ना, ते बघा. भेंडीवरची पांढरी माशी वेगळ्या जातीची, आणि ती केवडा रोगाचा विषाणू पसरवते. तिथं अंडी वाढेपर्यंत वाट बघू नका. पिवळे चिकट सापळे सुरुवातीलाच लावा आणि केवडा आलेली झाडं उपटून टाका.

माडाचं मात्र वेगळं. पिल्लांच्या रिकाम्या कवचांकडे भिंगातून बघा. टी अक्षरासारखी चीर असेल तर तिथून पांढरी माशी बाहेर पडली. गोल भोक असेल तर आपली गांधीलमाशी! गोल भोकं बरीच असतील तर औषध मारू नका. ठेंगण्या माडांवर पाण्याचा जोरदार फवारा मारा. फारच झालं तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल, साबणासकट. मित्रकीटक दिसत नसतील, तर गोल भोकं असलेली पानं दुसऱ्या बागेतून आणून आपल्या माडाला बांधता येतात. शंका असेल तर भाट्ये इथलं प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. पान घेऊन जा.

काकांचा संध्याकाळी पुन्हा फोन आला. "भोकं गोल आहेत रे, पुष्कळ." पाडेली दुसऱ्या दिवशी आला आणि फक्त नारळ पाडून गेला. तुमच्या झावळीमागे काय दिसलं, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.