तर्री पोह्यांचा आलेख

नागपूरच्या धंतोलीत डॉक्टर चटकन मिळतो, गाडी लावायला जागा मिळत नाही. मधुमेहाचा रुग्ण दर तीन महिन्यांनी हे दिव्य करतो आणि एचबीए१सीचा कागद डॉक्टरांपुढे ठेवतो. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. तेवढ्या काळात त्यांच्यावर किती साखर चढली, त्यावरून हा आकडा निघतो. समजा, ७.८ आला. म्हणजे सरासरी काही ठीक नाही. पण बिघडतंय कधी? पहाटे, जेवणानंतर, की लग्नाच्या पंगतीत? त्यावर कागद गप्प असतो.

बिघडण्याच्या वेळांची ती कुंडली आता दंडावर चिकटवलेली एक चकती मांडू लागली आहे. केसासारखा बारीक तंतू कातडीखाली जातो आणि त्यावरचं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर पेशींभोवतीच्या पाण्यातली साखर मोजतं. ही साखर रक्तातल्या साखरेच्या पाच ते पंधरा मिनिटं मागे असते, हे लक्षात ठेवायचं. दर पाच मिनिटांनी एक नोंद धरली, तर दिवसाला २८८. एवढे आकडे डॉक्टर कधी वाचणार? इथे कृत्रिम बुद्धिमत्तेला खरं काम मिळतं.

समजा, धंतोलीच्या बागेत रोज फिरणारे एक काका रविवारी तर्री पोहे खातात. पोह्यातला स्टार्च लवकर पचतो, पण वरच्या तर्रीतल्या तेलामुळे जठर हळू रिकामं होतं. त्यामुळे साखर अनेकदा उशिरा चढते आणि बराच वेळ वर रेंगाळते. तासाभराने बोट टोचून काका म्हणणार, ‘काही नाही होत बा!’ चकतीला मात्र दोन तासांनंतरचा उंचवटा दिसतो. पुढच्या रविवारी पोहे तेवढेच, पण खाल्ल्यावर वीस मिनिटं चालणं झालं. स्नायूंनी साखर ओढून घेतली, उंचवटा बसका झाला. असे पन्नास-साठ प्रसंग जमले की संगणक त्यांत सूत्र शोधतो. ‘रात्री झोप कमी झाली का?’, ‘आधीचं जेवण कधी?’ असे प्रश्न विचारणाऱ्या निर्णयांच्या फांद्यांची छोटी झाडं तो रचतो. पहिल्या झाडाचा अंदाज जिथे चुकला, ती चूक दुसरं झाड शिकतं, त्याची तिसरं. अशी शेकडो झाडं मिळून अंदाज बांधतात.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या एरान सेगल आणि एरान एलिनाव यांच्या गटाने २०१५ मध्ये हेच केलं. ८०० माणसं, ४६,८९८ जेवणं. एकाची साखर केळ्याने उसळत होती आणि बिस्किटाने नाही, दुसऱ्याचं नेमकं उलट. नुसत्या कर्बोदकांवरून बांधलेला अंदाज प्रत्यक्ष वाढीशी जेमतेम जुळत होता (सहसंबंध ०.३८). आतड्यातले जिवाणू, रक्ततपासण्या, सवयी हे सगळं धरल्यावर १०० नव्या माणसांवर तो ०.७०पर्यंत गेला. महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोनदाच जेवण खरं की ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं खाणं, यावर घराघरांत दोन पक्ष पडले होते. ते भांडण कुणाच्या शरीराबद्दल चाललं होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पण म्हणून यंत्राच्या गळ्यात लगेच हार घालू नये. ०.७० म्हणजे चढउतारांपैकी जेमतेम निम्म्यांचा उलगडा. अमेरिकेतल्या केव्हिन हॉल यांच्या गटाने एकाच माणसाला तेच जेवण काही दिवसांनी पुन्हा दिलं, तेव्हा चकतीवर साखर बरीच वेगळी चढली. एकदा पाहून ‘मला केळं चालत नाही’ असं ठरवणारं ॲप म्हणजे एका सरीवरून पावसाळा ठरवणं.

त्याहून मोठी अडचण म्हणजे यंत्र कुणाच्या शरीरावर शिकलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा जोडीचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुढे स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी संगणकी वर्गीकरणाने मधुमेहाचे पाच गट पाडले. याज्ञिकांच्या सहकाऱ्यांनी ती पद्धत पुण्यातल्या कमी वयात मधुमेह झालेल्या रुग्णांना लावली, तर सर्वांत मोठा गट इन्सुलिनच मुळात कमी पडणाऱ्यांचा निघाला. युरोपात हा गट लहान आहे. तिकडे शिकलेलं यंत्र आपल्याला ‘वजन उतरवा’ एवढंच सांगत बसलं, तर अनेक किडकिडीत नागपूरकरांचं त्यात काय भलं होणार? २०२३च्या आयसीएमआर-इंडियाब अहवालानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. आपल्या शरीरांच्या नोंदींची वानवा नाही, त्या जमवून यंत्राला शिकवण्याची आहे.

ताटाचंही तेच. फोटोवरून उष्मांक सांगणारी ॲप्स पिझ्झा ओळखतात, गोळाभात आणि वडाभात त्यांना वेगळे कळतील याची खात्री नाही. गोळ्यांत डाळ किती, वरून फोडणीचं तेल किती, ते स्वयंपाकघरातच माहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांत ५२८ अन्नपदार्थ आहेत, पण ते बहुतेक कच्च्या मालाचे. आपला कटोरीचा हिशेब यंत्राला आपणच शिकवायचा आहे.

दोन बाबतींत सावधगिरी हवी. कातडी न टोचता साखर सांगणारं एकही घड्याळ किंवा अंगठी मान्यताप्राप्त नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये दिला होता. आणि गप्पा मारणाऱ्या एआयला इन्सुलिनचा डोस विचारू नये. तो बोलतो ठाम, पण साखर ७०च्या खाली गेल्यावर थरथरतो आपला हात.

आणि यंत्राच्या आलेखात न दिसणारी एक गोष्ट: मे महिना. नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, पण खेड्यातल्या अनेक घरांत फ्रिज नाही, असला तर वीज नाही. डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये नागपुरात सुरू केलेल्या ड्रीम ट्रस्टने टाइप-१ मधुमेहाच्या गरीब मुलांना इन्सुलिन पुरवलं आणि ते ठेवायला माठाचा आसरा दिला. माठातून पाणी झिरपतं, वाऱ्यावर उडतं, जाताना उष्णता घेऊन जातं. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय कोकणापेक्षा छान चालतो.

आता बघा: शेतावर निघालेली आई कुपी खिडकीत विसरली, इन्सुलिन उन्हात बिघडलं. मुलीची साखर तीन दिवस चढतेच आहे. मोबाइलला आलेख दिसतो, आणि त्याच्या हिशेबात उत्तर एकच: डोस वाढवा. कुपी कुठे ठेवली होती, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. ते विचारायला धंतोलीतले डॉक्टर लागतात, किंवा माठाचं पाणी रोज बदलणारी आजी.