उन्हाळ्याच्या सुट्टीत लायब्ररीतून काय आणाल?

चांदूर रेल्वेत मे महिन्यात दुपारी बाहेर पडवत नाही. कूलरसमोर पुस्तक घेऊन बसायचे हेच दिवस! सुट्टीतलं पुस्तक परीक्षेसाठी नसतं, म्हणून कपाटासमोर उभं राहून कुठलंही मधलं पान वाचा. पुढचं पान आपोआप उलटलं की घ्या घरी.

माझा आग्रह आपल्या मातीतल्या पुस्तकांचा. उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) आधी शोधा. कौतिक नावाच्या बाईची ही झुंज आहे आणि त्यातली माणसं आपली वऱ्हाडी बोलतात. मोठ्यानं वाचून पाहा, आजीचा आवाज ऐकू येईल. पुस्तक जड आहे, रडवतं, तरी घ्याच. मग गो. नी. दांडेकरांची 'स्मरणगाथा'. ते जन्मले आपल्याच जिल्ह्यात, परतवाड्याला, १९१६ साली. या पुस्तकाला १९७६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कवितेसाठी अमरावतीचे सुरेश भट आहेतच.

पन्नास पानांनंतरही मन लागलं नाही, तर खुशाल परत करा. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले, त्यात पुस्तक अर्धवट सोडण्याचाही हक्क आहे.

तुम्ही या सुट्टीत काय आणलंत? नक्की सांगा.